दार : एक ध्वनी, अनेक कुळे

भाषेच्या स्वरूपासंबंधी गेल्या शतकात आपल्याकडे जे वाद झाले आणि जे आजही अधूनमधून डोके वर काढतात, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी दोन समजुती न तपासता गृहीत धरलेल्या आढळतात. पहिली अशी की, शब्दाचा ध्वनी कानावर पडला म्हणजे त्याचे कुळ सांगता येते. आणि दुसरी अशी की, कुळ एकदा सांगता आले म्हणजे तो शब्द भाषेत राहण्यास पात्र आहे की नाही, याचा निवाडा करण्यास आणखी कोणत्याही पुराव्याची गरज उरत नाही. या दोन्ही समजुती मला असत्य वाटतात. आणि त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या असल्यामुळे एकीचा निरास केल्यावाचून दुसरीचाही निरास होणार नाही. हे प्रतिपादन केवळ तत्त्वांच्या भाषेत करणे सोपे असले तरी त्याने कोणाचे समाधान होण्यासारखे नाही; म्हणून त्यासाठी मी ‘दार’ हा दोन अक्षरांचा शब्द घेतो. शब्द मुद्दाम लहान निवडला आहे. लांब शब्दात योगायोगाला फारसा वाव नसतो. पण मानवी मुखाला सहज उच्चारता येणारे वर्ण मर्यादित असल्यामुळे, दोन व्यंजने आणि एक स्वर एवढाच ज्याचा संसार, असा ध्वनिसमूह जगाच्या पाठीवर अनेक ठिकाणी, एकाला दुसऱ्याची वार्ताही नसताना, निर्माण होणे अपरिहार्य असते, आणि म्हणून कानाची परीक्षा घ्यायची ती अशाच शब्दावर घेतली पाहिजे.

मराठी माणसाला ‘दार’ म्हटले की प्रथम आठवते ते घराचे दार. हा शब्द संस्कृत ‘द्वार’ शब्दापासून प्राकृतातील ‘दार’ या रूपाने मराठीत उतरला, याविषयी मतभेद नाही. परंतु या ‘द्व’ची पुढची गती मात्र सर्वत्र सारखी झाली नाही. ‘द्वादश’ या शब्दातील त्याच ‘द्व’चा मराठीत ‘ब’ झाला आणि आपण ‘बारा’ म्हणू लागलो. ‘द्वे’चे ‘बे’ झाले आणि ते लहान मुलांच्या पाढ्यांत जाऊन बसले. गुजराथीत तर दारालाच ‘बारणुं’ म्हणतात, कारण तेथे ‘द्वार’ शब्दानेही तीच वाट धरली. ‘दार’ आणि ‘बारणुं’ हे शब्द शेजारी ठेवून ऐकले तर त्यांत नाते आहे असे कोणाचाही कान सांगणार नाही, आणि तरीही ते एकाच शब्दाचे वंशज आहेत. नसलेले नाते जोडणे हा कानाचा दोष सर्वांना ठाऊक असतो. पण असलेले नाते न ओळखणे हाही त्याचा तितकाच मोठा दोष आहे, आणि त्याच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

या दाराचे आप्त पुष्कळ आणि दूरवर पसरलेले आहेत. ग्रीकांचा ‘थुरा’, रशियनांचा ‘द्वेर’, इंग्रजांचा ‘डोअर’ आणि इराण्यांचा ‘दर’ हे सर्व त्याच कुळातले. यांपैकी ‘दर’ तर आपल्या घरीच येऊन राहिला आहे: दरबार, दरगाह आणि दरवान या शब्दांतील ‘दर’ म्हणजे दारच. तेव्हा ‘दारावर दरवान उभा आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा सहस्रावधी वर्षांपूर्वी दुरावलेली एकाच शब्दाची दोन रूपे एका वाक्यात पुन्हा एकत्र येतात. (‘दरमहा’, ‘दरसाल’, ‘दरडोई’ यांतील ‘दर’ मात्र निराळा, तो फारसीतील ‘आत, मध्ये’ या अर्थाचा अव्ययशब्द आहे, आणि ‘डोई’सारख्या अस्सल देशी शब्दाशी त्याचा संयोग किती बेमालूम झाला आहे ते पाहण्यासारखे आहे.)

आता एक शंका. ग्रीक ‘थुरा’ शब्दातील महाप्राण पाहता संस्कृतात खरोखर ‘ध्वार’ असे रूप अपेक्षित होते. मग ‘द्वार’ का? भाषाशास्त्रज्ञांनी याचे जे उत्तर दिले आहे ते मला फार मनोज्ञ वाटते. दाराला दोन कवाडे असतात. त्यामुळे ‘द्वि’ या संख्यावाचकाची छाया त्या शब्दावर पडली आणि ‘ध’चा प्राण हरपला. वेदकाळच्या कोण्या बोलणाऱ्याने अजाणता एक लौकिक व्युत्पत्ती केली आणि ती रूढ होऊन शब्दाचे रूपच बदलून गेले, असा याचा अर्थ. यास्काने निरुक्तात ‘द्वार’ शब्दाच्या तीन व्युत्पत्ती दिल्या आहेत: एक वेगाने जाण्यापासून, दुसरी धावण्यापासून आणि तिसरी निवारण करण्यापासून. आजच्या शास्त्राला या तिन्ही मान्य होणार नाहीत. परंतु ज्यातून जाता येते आणि ज्याने अडवताही येते अशी वस्तू म्हणजे दार, हा अर्थाचा दुहेरी स्वभाव यास्काने नेमका हेरला होता. रूपापेक्षा अर्थावर भिस्त ठेवावी, असा त्याचा आग्रहच होता. सर्व नामे धातूंपासूनच निघाली आहेत हे मत गार्ग्य या आचार्याला मान्य नव्हते, हेही यास्कानेच प्रामाणिकपणे नमूद करून ठेवले आहे. ज्या परंपरेत इतक्या प्राचीन काळी असा मतभेद नोंदवला गेला, त्या परंपरेच्या अभिमान्यांनी वाटेल त्या परकीय शब्दाला ध्वनिसाम्यावरून संस्कृत मूळ चिकटवून समाधान मानावे, याचे मला दुःख होते.

संस्कृतात ‘दार’ असा आणखी एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ पत्नी. हा शब्द व्याकरणदृष्ट्या मोठा विलक्षण आहे: अर्थ स्त्रीचा, लिंग पुरुषाचे, आणि वचन नेहमी बहुवचन. पत्नीवाचक शब्दांत ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी आणि ‘दाराः’ पुल्लिंगी, हे अमरकोश पाठ करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असे. मराठीत संतवाङ्मयाच्या द्वारे तो ‘दारा’ या सरळ स्त्रीलिंगी एकवचनी रूपाने आला आणि पुत्र, दारा, धन या त्रयीत स्थिर झाला. वैयाकरणांनी तो विदारणार्थक ‘दॄ’ धातूशी जोडला, आणि पुढे पंडितांनी त्याचे विवरण असे केले की, भावाभावांत फूट पाडणारी ती ‘दारा’. या व्युत्पत्तीवरून शब्दाविषयी आपल्याला काहीच कळत नाही. ज्या एकत्र कुटुंबपद्धतीत वाटणीचे सारे खापर परघरून आलेल्या सुनेच्या माथी फोडले जात असे, त्या समाजाच्या मनाविषयी मात्र पुष्कळ कळते. भाऊ भांडतात ते जमिनीसाठी, आणि नाव मात्र बायकोचे होते. ही गोष्ट धातुपाठाच्या आधाराने सिद्ध करू पाहणे मला अन्यायाचे वाटते. व्युत्पत्ती ही निरुपद्रवी करमणूक आहे असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

घराचे दार आणि पत्नीवाचक दार या दोन शब्दांचे उच्चारसाम्य पूर्ण, दोन्ही शब्द संस्कृताच्या भांडारातले, आणि तरीही त्यांचा परस्परांशी कसलाही रक्तसंबंध नाही. हे ध्यानात ठेवून आता ज्याला आपण परका म्हणतो त्या ‘दारा’कडे वळू.

सुभेदार, किल्लेदार, फौजदार, हवालदार, तहसीलदार, मामलेदार, इनामदार, जहागीरदार, वतनदार, शिलेदार: तीन-चारशे वर्षांच्या दक्षिणी राज्यकारभाराची सगळी उतरंड या एका प्रत्ययाने बांधलेली आहे. हा ‘दार’ फारसीतील ‘दाश्तन’ म्हणजे बाळगणे, धारण करणे या क्रियापदाचे अंग आहे. ‘दार’ म्हणजे धारण करणारा. येथे एक ध्वनिनियम लक्षात घेतला पाहिजे, कारण सगळे प्रतिपादन त्याच्यावर उभे आहे. संस्कृतात जेथे घ, ध, भ हे महाप्राण वर्ण येतात तेथे इराणी भाषांत नियमाने ग, द, ब हे अल्पप्राण येतात. संस्कृत ‘घर्म’ तर फारसी ‘गर्म’; पहिल्यापासून आपला ‘घाम’ झाला आणि दुसरा ‘गरम’ होऊन आला. संस्कृत ‘बंध’ तर फारसी ‘बंद’. संस्कृत ‘भ्रातृ’ तर फारसी ‘बिरादर’. याच नियमाने संस्कृत ‘धृ’ धातूच्या जागी इराणी ‘दर्’ आहे, आणि म्हणून किल्लेदारातील ‘दार’ हा सूत्रधारातील ‘धार’ या शब्दाचा सख्खा चुलतभाऊ ठरतो. ‘धर्म’, ‘धरणी’, ‘आधार’, ‘सत्ताधारी’ हे सर्व त्याच्याच गोतातले. हे नाते एखाद-दुसऱ्या शब्दाच्या साम्यावरून कल्पिलेले नाही. शेकडो शब्दांत तोच नियम तशाच रीतीने आढळतो, आणि त्यावरूनच नाते सिद्ध होते. विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे १७८६ साली जे सुप्रसिद्ध भाषण केले, त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्याबरोबर प्राचीन फारसीलाही त्याच कुटुंबात स्थान देता येईल असे सुचवले होते. आणि तसे सुचवणाऱ्या मनुष्याने १७७१ साली फारसीचे व्याकरण प्रसिद्ध केले होते, हे विसरता कामा नये.

हा धातू इराणच्या इतिहासात किती खोल गेला आहे याची साक्ष एका सम्राटाच्या नावात मिळते. ग्रीकांनी ज्याला डरायस म्हटले आणि ज्याने इ. स. पू. ५२० च्या सुमारास बेहिस्तून येथील कड्यावर आपल्या पराक्रमाचा लेख कोरवला, त्याचे मूळ नाव ‘दारयवहु’. अर्थ, जे चांगले आहे ते धारण करणारा. ‘धारय’ आणि ‘वसु’ हे आपले शब्द त्या नावाच्या शेजारी ठेवले म्हणजे सर्व उलगडते. हेच नाव घासत घासत ‘दारा’ झाले. शाहनाम्यात ते तसेच येते, आणि शाहजहानाच्या ज्येष्ठ पुत्राला ते ‘दारा शिकोह’ म्हणजे दाराप्रमाणे वैभवशाली या रूपात मिळाले. या राजपुत्राने १६५७ साली सुमारे पन्नास उपनिषदांचे फारसीत भाषांतर सिद्ध केले, आणि त्यावरून पुढे ॲन्केतील द्यूपेराँ याने लॅटिनमध्ये केलेल्या भाषांतरामुळे युरोपला उपनिषदांची ओळख झाली. संतांच्या अभंगांतील ‘दारा’ आणि या राजपुत्राचे नाव यांत अक्षराचाही फरक नाही, आणि संबंध तर मुळीच नाही.

आता भाषाशुद्धीचा प्रश्न येतो. तो टाळण्यासारखा नाही, आणि थट्टेवारी नेण्यासारखा तर नाहीच. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडिताने जो राजव्यवहारकोश रचला, त्यात राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. राज्याभिषेकाच्या सुमारास पेशव्याचे मुख्य प्रधान, मुजुमदाराचे अमात्य, सुरनिसाचे सचिव आणि डबिराचे सुमंत झाले. त्यामागे एका नव्याने स्वतंत्र झालेल्या राज्याचा आत्मसन्मान होता, आणि जेत्याच्या भाषेत आपला हुकूम लिहावा लागणे ही मानहानी आहे, हे त्या काळच्या कर्त्या पुरुषांना जाणवले याबद्दल मला आदर वाटतो. त्याचा परिणामही झाला. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १६२८ पासून १७२८ पर्यंतच्या मराठी कागदांची भाषा तपासून दाखवले की, या शंभर वर्षांत फारसी शब्दांचे प्रमाण झपाट्याने उतरले. पण या उतारातही ‘दार’ प्रत्यय गेला नाही. मुजुमदार हे पद गेले, तरी मुजुमदार हे आडनाव राहिले. इनामदार, किल्लेदार, जहागीरदार, पोतदार, शिलेदार ही घराणी राहिली. आणि पेशवाईच्या दफ्तरांत नवे ‘दार’ निर्माण होतच राहिले.

विसाव्या शतकात सावरकरांनी ही चळवळ पुन्हा उभी केली. त्यांनी दिलेले ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे शब्द आज आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यांचा कर्ता आपल्या ध्यानीही येत नाही. शब्दनिर्मितीतील हे त्यांचे यश निर्विवाद आहे. माधवराव पटवर्धनांची गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी आहे. फारसीचा हा प्राध्यापक, माधव जूलियन या नावाने गझल मराठीत रुजवणारा कवी, १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणारा कोशकार. आणि त्याच पंडिताने १९३८ साली ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहून परकीय शब्दांच्या त्यागाचा पुरस्कार केला. फारसीचे अज्ञान हे त्यांच्या भूमिकेचे कारण नव्हते. कोणत्या शब्दाचे मूळ काय हे त्यांना इतरांहून अधिक ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांच्याशी मतभेद दाखवताना पुराव्याने बोलणे हे माझे कर्तव्य ठरते.

तो पुरावा असा. ‘नामदार’ हा शब्द घ्या; गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावामागे तो लागला आणि मंत्र्यांच्या नावामागे आजही लागतो. हा समास फारसीत तयार झालेला आहे. पण त्यातील ‘नाम’ आणि ‘दार’ हे दोन्ही अवयव संस्कृताच्या गोत्रातले आहेत. त्याला परकीय म्हणून बाहेर काढायचे तर कोणत्या अवयवाला काढायचे? उलट ‘जबाबदार’ शब्दातील ‘जबाब’ शुद्ध अरबी आहे. पण जबाबदारीवाचून मराठी माणसाचे एक वाक्य पुरे होत नाही. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, हा प्रत्यय मराठीने केवळ उसना घेतला नाही, तर त्याच्या साहाय्याने स्वतःची निर्मिती सुरू केली. धारदार, पाणीदार, घाटदार, डौलदार, बाणेदार, चटकदार, ठसकेदार हे शब्द कोणत्याही इराण्याला समजणार नाहीत. ‘भागीदार’ आणि ‘साक्षीदार’ या शब्दांत संस्कृत पूर्वपद फारसी उत्तरपदाशी जोडून मराठी व्यवहाराने आपली गरज भागवली. ‘आमदार’ आणि ‘खासदार’ यांतील पूर्वपदे अरबी, उत्तरपद फारसी, आणि तरीही ते शब्द संपूर्णपणे मराठी. हिंदीत त्यांच्या जागी ‘विधायक’ आणि ‘सांसद’ आहेत. आणि ज्या एका शब्दावर आपल्या लोकशाहीचा सारा डोलारा उभा आहे, तो ‘मतदार’ शब्द संस्कृत ‘मत’ आणि फारसी ‘दार’ यांच्या संयोगाने झाला आहे. प्रत्यय जेव्हा परकीय शब्दांची सोबत सोडून देशी शब्दांना लागू लागतो आणि त्यापासून मूळ भाषेत नसलेले शब्द निर्माण होतात, तेव्हा तो परका राहत नाही. स्वकीयत्वाची दुसरी कोणती कसोटी असू शकते, हे मला कळत नाही. वंशाची म्हणावी, तर त्याही कसोटीला हा ‘दार’ उतरतो, कारण तो ‘धृ’चा भाऊबंद आहे, परंतु मी त्या नात्यावर त्याचा हक्क आधारू इच्छित नाही, कारण तसे केले तर ‘जबाब’, ‘खबर’, ‘हक्क’ या अरबी शब्दांना, ज्यांचे संस्कृताशी कोणतेही नाते नाही, मराठीत राहण्याचा अधिकार उरणार नाही. हक्क वापराने येतो. पिढ्यानुपिढ्या ज्या शब्दात लोकांनी आपले देणे-घेणे केले, तंटे मिटवले, दुःख सांगितले, त्याची सनद तेथेच लिहिली गेली.

फारसीतच ‘दार’ असा दुसरा शब्द आहे, आणि त्याचा वर सांगितलेल्या प्रत्ययाशी काही संबंध नाही. हा ‘दार’ म्हणजे झाड, लाकूड, आणि त्यावरून वधस्तंभ, फाशी. बगदादमध्ये ९२२ साली मन्सूर अल् हल्लाज या सूफी साधकाला ज्या स्तंभावर चढवले, त्या ‘दारा’चा उल्लेख फारसी आणि उर्दू काव्यात शतकानुशतके येत राहिला. हा शब्द संस्कृत ‘दारु’ म्हणजे लाकूड या शब्दाचा आप्त. इंग्रजी ‘ट्री’ही त्याच कुळातला. हिमालयातील ‘देवदार’ म्हणजे देवांचे लाकूड, आणि पुरीच्या जगन्नाथाला ‘दारुब्रह्म’ म्हणतात ते त्याची मूर्ती लाकडाची असते म्हणून. एका बाजूला देवमूर्ती आणि दुसऱ्या बाजूला वधस्तंभ: एकाच शब्दाच्या दोन शाखा दोन समाजांच्या भक्तिकाव्यात अशा रीतीने पोहोचल्या.

या झाडापासूनच फारसीत ‘दारू’ शब्द निघाला; अर्थ औषध, कारण औषध म्हणजे मुळात झाडपाला. मराठीत या शब्दाचा प्रवास इतका विस्मयकारक झाला आहे की, त्यासाठी थोडे थांबलेच पाहिजे. औषध हा मूळ अर्थ ‘दवादारू’ या जोडशब्दात अद्याप जिवंत आहे. आजाऱ्याची दवादारू केली असे म्हणताना कोणाच्याही मनात मद्याची कल्पना येत नाही. पुढे गंधक, सोरा आणि कोळसा यांच्या स्फोटक मिश्रणाला ‘दारू’ म्हणू लागले. औषधाचे नाव संहारक द्रव्याला का मिळावे, हे प्रथमदर्शनी कोडे वाटते. पण हे मिश्रण वैद्याच्या औषधाप्रमाणेच वजने मोजून, कुटून, खलून सिद्ध केले जाई, आणि ज्या चिनी लोकांनी त्याचा शोध लावला त्यांच्या भाषेतही त्याचे नाव ‘अग्नीचे औषध’ असेच आहे. किल्ल्यांवरच्या दारूकोठ्या, लग्नातले शोभेचे दारूकाम, मुंबईत माझगावच्या बाजूचा ‘दारूखाना’ आणि खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना हे सर्व या अर्थाचे. तिसरा अर्थ मद्याचा, जो आज इतर दोघांना झाकून टाकतो. तोही औषधाच्या आसवावरूनच आला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने बंदी घातली ती या तिसऱ्या अर्थाला. जुना बखरकार अमुक किल्ल्यावर दारू भरपूर होती असे लिहितो तेव्हा आजच्या विद्यार्थ्याने त्याचा काय अर्थ घ्यावा, हे शिक्षकाने सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. आणि संस्कृत ‘दारु’ व मराठी ‘दारू’ यांत र्‍हस्व-दीर्घाचा फरक का पाळायचा, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे मिळणार नाही.

आणि तरी ‘दारोगा’ हा शब्द यांपैकी कोणाचाच नव्हे. तो मंगोल आहे. ‘दाबणे, शिक्का उमटवणे’ अशा अर्थाच्या मंगोल धातूपासून निघालेले ते एका अधिकाऱ्याचे नाव, मंगोलांच्या स्वाऱ्यांबरोबर इराणात आले आणि तेथून आपल्याकडे. फौजदाराच्या पंक्तीला दारोगा बसला म्हणून तो त्याचा भाऊ होत नाही.

अरबी ‘दार’ हा आणखी निराळा. त्याचा धातू ‘द-व-र’, अर्थ फिरणे, वळसा घालणे. वेढलेली जागा ती ‘दार’, म्हणजे वाडा, घर, वसतिस्थान. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे दार-एस्-सलाम म्हणजे शांतीचे वसतिस्थान. मोरोक्कोतील ज्या शहराला युरोपीय लोक कासाब्लांका म्हणतात, त्याचे अरबी नावही ‘पांढरे घर’ अशा अर्थाचे ‘अद्-दार अल्-बैदा’ असेच आहे. आपल्याकडे हा शब्द बिरुदांतून आला. मोगली नाण्यांवर विजापुराला ‘दारुज्जफर’ म्हणजे विजयाचे स्थान म्हटले आहे. बऱ्हाणपुराचे बिरुद ‘दारुस्सुरूर’, आनंदाचे स्थान. हैदराबादेत ‘दारुलशिफा’ नावाचा भाग आहे, तेथे मुहंमद कुली कुतुबशाहाचे रुग्णालय होते. आता गंमत अशी नव्हे, तर खरी सावधगिरीची गोष्ट अशी की, ‘दारुलशिफा’ म्हणजे आरोग्याचे घर, आणि ‘दारू’ म्हणजे औषध. अर्थ जुळतो, ध्वनी जुळतो, दोन्ही शब्द मुसलमानी राजवटीतूनच आले, आणि तरीही एक अरबी घर आहे तर दुसरे इराणी झाड. ध्वनी आणि अर्थ ही दोन्ही प्रमाणे जुळली तरी नाते सिद्ध होत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. अरबी ‘दारा’चे खरे भाऊबंद मराठीत दुसरीकडेच आहेत: कलेक्टरसाहेबांचा ‘दौरा’ आणि ज्याच्यावर आपली ‘मदार’ असते तो मदार. ‘मदार’ म्हणजे ज्याच्याभोवती फिरायचे तो आस. त्यात शेवटी ‘दार’ ऐकू येतो म्हणून त्याला जहागीरदाराच्या ओळीत बसवता येत नाही.

पोर्तुगीज भाषेत ‘दार’ म्हणजे देणे. १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्याच्या कचेऱ्यांत हा शब्द वावरला, आणि बाहेर अंगणात कोंकणी ‘दार’ उघडे राहिले. पोर्तुगीज शब्द लॅटिनमार्गे आपल्या ‘दा’ धातूचा, म्हणजे ‘दान’ शब्दाचा नातलग. रशियनमधील ‘दार’ म्हणजे देणगी, तोही तसाच. तुर्की ‘दार’ म्हणजे अरुंद, आणि त्याला यांपैकी कोणीच नात्याचे नाही.

मग निर्णय कसा करायचा? ध्वनिनियम, जुन्या लेखांतील पुरावा आणि शेजारच्या भाषांतील रूपे ही तीन साधने आपल्या हाती आहेत. ‘घरदार’ हा शब्द घेऊ. घरदार सोडले म्हणजे संसार सोडला. कोणी म्हणेल, यातील दार म्हणजे दारा, पत्नी, कारण पत्नी आली म्हणजेच संसार. कोणी म्हणेल, अरबी ‘दार’ म्हणजे घर, आणि ‘कागदपत्र’ या शब्दाप्रमाणे एकाच अर्थाचे दोन भाषांतील शब्द येथे जोडले गेले. दोन्ही युक्तिवाद चतुर आहेत आणि दोन्ही निराधार. हिंदीत त्याच अर्थाने ‘घर-द्वार’ म्हणतात. तेथे ‘द्वार’ आपले जुने रूप टिकवून उभे आहे, आणि वाद तेथेच मिटतो.

महाडच्या तळ्याचे नाव आपण ‘चवदार’ असे लिहितो. इंग्रजी न्यायालयीन कागदांत ते ‘चौदार’ अशा उच्चाराने आढळते. पहिल्या रूपात देशी ‘चव’ आणि फारसी ‘दार’. दुसऱ्या रूपात चार दारे, म्हणजे पूर्णपणे संस्कृतोद्भव शब्द. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि त्याचे पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी दावा लावला, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादिकालापासूनची आहे, असे वादींना शाबीत करता आले नाही. प्राचीनत्वाचा दावा सांगणाऱ्यानेच तो शाबीत केला पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने माणसांच्या हक्काबाबत लावले. भाषेतील शुद्धतेच्या कैफियतीलाही तेच लावावे, एवढेच माझे म्हणणे आहे. अमुक शब्द आमचा, अमुक परका, असे म्हणणाऱ्याने त्याचा कागद पुढे ठेवला पाहिजे.

हे कागद पुढे ठेवता येतील असा कोश मराठीला हवा आहे. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश ही थोर कामे आहेत, आणि त्यांच्या खांद्यावर उभे राहूनच पुढचे काम होणार आहे. ते काम असे की, ‘दार’ या उच्चाराच्या प्रत्येक शब्दाला स्वतंत्र नोंद मिळावी, प्रत्येक समासाचा पहिला कालनिर्दिष्ट प्रयोग शोधून तो त्या नोंदीत घालावा, आणि अर्थ बदलत गेला असेल तर त्याच्या पायऱ्या क्रमाने दाखवाव्यात. ‘साक्षीदार’ शब्दापुढे ‘सं. + फा.’ एवढी खूण करून कोशकाराची जबाबदारी संपत नाही. तो शब्द प्रथम कोणत्या महजरात म्हणजे निवाडापत्रात, कोणत्या साली, कोणत्या गावच्या पांढरीसमोर लिहिला गेला, हे त्या नोंदीत आले पाहिजे, आणि त्यासाठी पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल सोडून वाचणारी माणसे तयार केली पाहिजेत.